बातमी पुरी करणारी सगुणाबाई

आमच्या घरात टीव्ही सकाळी चहाच्या आधी लागतो आणि जेवणं उरकली तरी बंद होत नाही. नातवाला बातम्यांचा नाद. पडद्यावर एकाच वेळी चार माणसं भांडत असतात, खाली लाल पट्टी पळत असते, आणि मी चष्मा पुसून ती वाचायला जाते तोवर ती पुढे निघून जाते. कुठे पूल पडला म्हणतात. पडला, पडला म्हणून दिवसभर तोच पूल पाडत बसतात, आणि दुसऱ्या दिवशी पूल गायब! त्यावरून जाणारी माणसं कुठे गेली? नातवाला विचारलं तर म्हणतो, "आजी, ती बातमी जुनी झाली." जुनी झाली म्हणजे काय रे बाबा? कोणाचा तरी नवरा नदीत आहे की घरी पोचला, एवढं तरी सांगा. माझं डोकं उठतं. मग मला सगुणाबाई आठवते, आणि ती आठवली की बसवत नाही. उठते, उगीच ओसरीपर्यंत जाते, परत येते.

सगुणाबाई असती तर तिनं टीव्हीच्या काचेवर चापट मारून विचारलं असतं, "मंग? पुढं का झालं?"

स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. मी लग्न होऊन गोंदियात आले आणि सासूच्या मागोमाग बिडी कारखान्यात जाऊन बसले. लांबलचक टिनाचं छत, खाली दोन रांगांत बाया, प्रत्येकीच्या मांडीवर सूप. सुपात भिजवलेली तेंदूची पानं, कैची, दोरा, जर्दा. नव्या बाईला पहिला आठवडा शिंकण्यातच जायचा. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, टोक नखानं दाबायचं. हात एकदा शिकले की त्यांना डोक्याची गरज उरत नाही. डोकं मोकळंच. आणि मोकळ्या डोक्याच्या एवढ्या बाया एका छताखाली बसल्या की भांडणं होणारच. म्हणून आमच्या कारखान्यात पेपर वाचायची रीत होती. जो वाचेल त्यानं बिड्या बांधायच्या नाहीत, फक्त वाचायचं. त्याच्या सुपात प्रत्येकीनं आपल्यातल्या मूठभर बिड्या टाकायच्या, की त्याचं दिवसाचं काम भरलं. मुनीमजींना हे माहीत होतं. हात चालू आहेत ना, मग वाचा काय वाचायचं ते, असा त्यांचा हिशेब.

मी आले तेव्हा एक म्हातारेबुवा वाचायचे. जर्द्यानं त्यांना खोकला लागायचा, आणि खोकून झालं की ते कुठली ओळ चालू होती ते विसरायचे. एकदा त्यांनी एकच ओळ तीनदा वाचली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक उंच, वाळकी बाई उठली, सूप बाजूला ठेवलं, रांग ओलांडत आली आणि म्हाताऱ्यांच्या हातातून पेपर घेतला. "बाबाजी, तुमी बिड्या बांधा. मी वाचतो."

आमच्याकडे बाया 'मी वाचतो' म्हणतात, 'वाचते' नाही, आणि 'काय'ला 'का' म्हणतात. पुण्याच्या माणसाला हसू येतं. येऊ द्या.

ही सगुणाबाई. सालेकशाकडच्या एका गावची, धानाची शेती असलेल्या घरातली. तिच्या वाडवडिलांनी गावचं तळं बांधलेलं. हे ती ओळख झाल्याबरोबर सांगायची, आणि ओळख नसली तरी सांगायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून भावाकडे गोंदियाला आली. बापानं पोथी वाचण्यापुरतं शिकवलं होतं. त्याच्यावर तिनं पेपर वाचायला घेतला.

पण वाचायची कशी! बसून वाचणं तिला ठाऊकच नव्हतं. दोन रांगांच्या मधून फेऱ्या मारत वाचायची. पदर कमरेला खोचलेला, पेपर दोन्ही हातांत ताणून धरलेला, आणि चाल अशी की जणू गाडी सुटायला आली आहे. जेवायलाही खाली बसायची नाही. भाकरीवर चटणी घेऊन उभ्यानं खायची. मी एकदा म्हटलं, "सगुणाबाई, बस ना वं जराशी." तर म्हणाली, "बसली का डोस्क्यात मुंग्या येतेत. तू बस मास्तरीणबाई, तुले बसता येते." मी चौथी पास, म्हणून मी मास्तरीण. कारखान्यातल्या बायांत तिच्याखेरीज मला एकटीलाच अक्षर लागत होतं, आणि त्याचा तिला फार राग होता की फार कौतुक, ते मला कधी कळलं नाही.

तिची खोड एकच. तिला अर्धं सहन व्हायचं नाही. कोणाची वेणी अर्धी सुटलेली दिसली तर मागून जाऊन घालून द्यायची. कोणी गोष्ट सांगता सांगता थांबलं तर त्याच्या खनपटीला बसायची. आणि पेपर म्हणजे सगळा अर्ध्याचा कारभार! कुठे पूर आला, बस उलटली, हत्ती सुटला. सुटला तर सुटला, पुढं काय? पेपर गप्प. सगुणाबाईला ते बघवत नसे. म्हणायची, "तळ्याची अर्धी पाळ म्हंजे पाळच नाई. आमच्या आज्यानं अर्धी पाळ बांधून सोडली असती तं गावात धान पिकलं असतं का? हे पेपरवाले असे कसे गा अर्ध्यावर उठून जातेत?"

मग ती बातमी पुरी करायची. म्हणजे मनानंच पुरी करायची. हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्हाला वाटायचं, तेही पेपरातच आहे. सर्कशीतला हत्ती सुटला, एवढंच छापलेलं. सगुणाबाईच्या वाचनात तो हत्ती नदीवर गेला, पोटभर पाणी प्याला, आंघोळ केली आणि सांजेला आपल्या खुंट्यापाशी येऊन उभा राहिला. "त्याले रस्ता ठाऊक होता ना बाप्पा!" आणि सगळ्या बाया हातातली बिडी न थांबवता हसल्या. तिचे शेवट नेहमी चांगलेच असायचे. रडका शेवट तिनं कधी केला नाही.

वैनगंगेच्या पुरात नवरीची डोंगी, म्हणजे लहान होडी, मधल्या बेटावर अडकल्याची बातमी आली होती. दोन ओळींची. सगुणाबाईनं त्या नवरीला रुखमा नाव दिलं, डोंगीवाल्यांकडून तिला काठाला आणलं, ओल्या शालूत लग्न लावलं. दुसऱ्या दिवशी बाया विचारतात, "रुखमाचं का झालं वं?" आता आली ना पंचाईत! मग रुखमा नांदायला गेली. सासू खाष्ट निघाली. मग सासू नरमली. काही महिन्यांनी रुखमाला दिवस गेले. आम्ही तर रोज आधी रुखमाचं विचारायचो, मग दिल्लीचं. शेवटी एका सकाळी सगुणाबाईनं जाहीर केलं की रुखमाला मुलगा झाला. माझ्या सासूनं घरून गूळ-फुटाणे आणले आणि अख्ख्या कारखान्यात वाटले. मुनीमजींच्या हातावरही ठेवले. ते म्हणाले, "किसके घर हुआ?"

"रुखमाच्या."

"कौन रुखमा?"

कोणालाच सांगता येईना. गाव ठाऊक नाही, आडनाव नाही. सासू म्हणाली, "पेपरातली आहे जी." मुनीमजींनी फुटाणे खाल्ले आणि डोकं हलवत आत गेले. पेपरातल्या पोराचं तोंड गोड करणाऱ्या बाया साऱ्या मुलुखात आम्हीच असू.

पण ती नुसती कल्पनेची पतंगबाजी नव्हती हो. तिच्यामुळे आम्हाला दिल्ली कळली, मत कसं टाकतात ते कळलं. मतदानाच्या दिवशी आम्ही सगळ्या ओळीनं गेलो. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, आणि नवऱ्यानं सांगितलेल्या पेटीतच चिठ्ठी टाकावी लागते असं नाही, हे तिनं आम्हाला आधीच पेपरातून वाचून दाखवलं होतं. एकदा पेपरात आलं की कारखान्यात कामगारांना प्यायच्या पाण्याची सोय ठेवायचा कायदा आहे. आमच्याकडे सोय म्हणजे मागच्या विहिरीवर जा आणि दोर ओढा. तिनं ती बातमी मुद्दाम मुनीमजींच्या गादीजवळ उभं राहून वाचली आणि तशाच आवाजात पुढे वाचत गेली, "आन हे आयकून गोंदियाच्या एका शेठनं आपल्या कारखान्यात दोन मोठे माठ ठेवले, आन बायांनी त्याले दुवा देल्ला." मुनीमजी मान खाली घालून वाईट बांधलेल्या बिड्या छाटून काढत होते. दुसऱ्या दिवशी दारात दोन माठ! वर झाकणं, पळी, सगळं.

बायांना वाटलं, पेपरात आलंय म्हणजे होणारच. पण सगुणाबाई त्या माठाकडे किती वेळ बघत उभी होती! मला वाटतं, त्या दिवशी तिच्या डोक्यात गेलं की आपण म्हटलं की होतं. माणसाला एकदा हे वाटलं की मग अवघड.

पुढे शेठनं रेडिओ आणला. मोठा लाकडी, हिरवा डोळा असलेला. तो मुनीमजींच्या मागे फळीवर ठेवला आणि त्याचा भोंगा आमच्या छताला टांगला. पहिल्या दिवशी पुरुषाचा भारदस्त आवाज निघाला तेव्हा अर्ध्या बायांनी डोक्यावर पदर घेतला. मला वाटलं, आता सगुणाबाईचं वाचन संपलं. तिलाही तसंच वाटलं असावं. ती भोंग्याखाली कमरेवर हात ठेवून उभी होती, मान वर, ओठ घट्ट. आवाज म्हणाला, बातम्या संपल्या.

"संपल्या कायच्या?" सगुणाबाई भोंग्याला म्हणाली. "आता तं सुरू झाल्या होत्या."

आणि बाया सगळ्या तिच्याकडे वळल्या. "सगुणाबाई, पुढं का झालं वं? आसामातल्या त्या गावाचं?" बघा! रेडिओ आल्यानं तिचं काम कमी झालं नाही, वाढलं. आता ती पेपरच्याही बातम्या पुऱ्या करायची आणि रेडिओच्याही. बाया म्हणायच्या, खोकं घाईत असते, त्याले साऱ्या देशाले सांगाचं असते. आपली सगुणाबाई निवांत सांगते.

निवांत! त्या दिवसांत तर ती जास्तच फेऱ्या मारू लागली होती. सकाळी पेपर यायच्या आधी स्टेशनवर जाऊन उभी राहायची. रेडिओ लागायच्या आधी त्याच्याकडे टक लावून बसायची. बसायची म्हणजे काय, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी म्हटलं, "अवं, बातमी काही पळून नाई जात." ती म्हणाली, "बातमी नाई पळत. माणसं पळतेत तिच्यातून. आज हायेत, उद्या नाई."

तेव्हा आमच्याकडे कौसल्या नावाची एक पोरसवदा बाई नवी लागली होती. गप्प, कोपऱ्यात बसणारी. नवरा छोट्या लाइनीच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या, गाडीनं जाऊन कुठेतरी कोळशाच्या खाणीत लागला होता, आणि धान कापणीच्या वेळी येतो म्हणाला होता. एवढंच आम्हाला ठाऊक होतं. खाणीचं नाव कौसल्यालाही नीट येत नव्हतं. ती 'तिकडली खाण' म्हणायची.

एका सकाळी वीज गेली होती, रेडिओ बंद. पेपर आला. सगुणाबाई रांगांच्या मधून चालत वाचू लागली. कोळशाच्या खाणीत जुन्या भुयारातलं पाणी फुटून आत शिरलं, माणसं आत अडकली. तिनं पान उलटलं. आणि सवयीनंच, श्वासही न घेता पुढे वाचलं, "मंग वरून मोठे मोठे पंप लावले. पाणी उपसलं. आन सांजच्या पयले सारे माणसं दोराले धरून वर निंगाले. एकाच्या हाती तं भाकरीचं गाठोडं तसंच होतं."

"खाणीचं नाव का सांगतलं?" कोपऱ्यातून कौसल्यानं विचारलं.

सगुणाबाईनं पान परत उलटलं आणि नाव वाचलं. कौसल्या सूप सोडून उठली. जर्दा सगळा जमिनीवर सांडला. ती रडत होती आणि हसत होती, आणि येऊन सगुणाबाईच्या पायावर पडली. "हेच! हेच नाव सांगतलं होतं मालकानं. थेच खाण आहे. निंगाले ना वं सारे? सारे निंगाले ना?"

बाया गोळा झाल्या. माझ्या सासूनं कौसल्याला पोटाशी धरलं. सगुणाबाई पेपर घेऊन उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. तिनं पान पुन्हा उलटून पाहिलं. मग होकाराची मान हलवून ती म्हणाली, "हाव." एवढंच.

त्या दिवशी तिनं पुढे वाचलं नाही. दारापर्यंत जायची, परत यायची. माठातलं पाणी घ्यायची, तोंडाला लावायची, फेकून द्यायची. कौसल्या मात्र त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. नवरा कसा हसतो, भात किती खातो, सगळं सांगत सुटली.

दुपारी वीज आली. हिरवा डोळा उघडला. बातम्यांत तो भारदस्त आवाज म्हणाला की खाणीतले कामगार अजून आतच आहेत, पाणी वाढत आहे, प्रयत्न सुरू आहेत.  सगळ्यांनी कौसल्याकडे पाहिलं.

आणि कौसल्या काय म्हणाली ठाऊक आहे? शांतपणे बिडी बांधत म्हणाली, "खोकं मांगं आहे. त्याले अजून कळलं नाई. सगुणाबाईनं तं पुढचं वाचलं."

"हाव ना," बाया म्हणाल्या. "खोकं नेहमीचंच अर्धं सांगते."

आमचा भरवसा हा असा. नागपूरहून बोलणाऱ्या सरकारी आवाजापेक्षा आमची सगुणाबाई खरी. 

सगुणाबाई मधोमध आली. पहिल्यांदाच चालता चालता थांबली. म्हणाली, "खोकं मांगं नाई. मी पुढं गेलो. मी मनानं सांगतलं."

कोणालाच समजेना. "का सांगतलं मनानं?"

"निंगाले म्हून. पेपरात नाई ते. पेपरात फक्त अडकले, एवढंच हाये. सारंच मी मनानं सांगत होतो. हत्ती, रुखमा, सारं."

"काऊन असं बोलून रायली वं?" माझी सासू चिडली. "पोरीले कायले भेव दाखवते? तू वाचलं, आमी आयकलं!"

आपण खोटं सांगितलं असं तिनं कबूल केलं, तर ते कबूल करणंच बायांना खोटं वाटत होतं. सगुणाबाईनं चारी बाजूंनी पाहिलं. मग पेपर माझ्या सुपात टाकला. "मास्तरीणबाई, तू वाच."

मी वाचलं. एकेक अक्षर जोडत. जुन्या भुयारातलं पाणी. अडकलेले कामगार. बचावाचे प्रयत्न. आणि मग पूर्णविराम. पान उलटलं तर डोक्याच्या तेलाची जाहिरात. मी वर पाहिलं आणि म्हटलं, "इथवरच आहे." दुसरं काय म्हणणार?

कौसल्याचं सूप मांडीवर होतं. तिनं ते हळू खाली ठेवलं, बिड्या सांडू नयेत म्हणून काळजी घेत. उठली आणि सगुणाबाईसमोर उभी राहिली. मला वाटलं, आता मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं, सगुणाबाईच नंतर मला म्हणाली. पण कौसल्यानं तिचं मनगट धरलं. "चाल मंग," ती म्हणाली. "आता तूच चाल माह्यासंगं. पुढचं डोळ्यानं पाहून सांग."

दोघी तशाच अंगावरच्या लुगड्यानिशी गेल्या. शेठ आतून ओरडला, "अरे, काम कौन करेगा?"  छोट्या लाइनीची गाडी पकडून दोघी गेल्या.

मागे आम्ही रेडिओ ऐकायचो. पहिले काही दिवस खाणीचं नाव यायचं. मग दिल्लीच्या बातम्यांच्या नंतर यायचं. मग एका दिवशी आलंच नाही. त्याऐवजी कुठल्या तरी धरणाचं आलं, क्रिकेटचं आलं. आम्ही भोंग्याकडे बघत राहिलो. माझी सासू, जिनं रुखमाच्या पोराचे फुटाणे वाटले होते, ती भोंग्याला हात जोडून म्हणाली, "सांग ना बापा." त्या दिवशी मला त्या खोक्याचा असा राग आला की उठून त्याची वायर तोडावी. पण राग कोणावर काढायचा? त्या आवाजाला काय ठाऊक असणार!

पंधरवडाभरानं त्या परतल्या. सगुणाबाई आत आली, मागे कौसल्या. बाया उठल्याच नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. कौसल्याच्या कपाळावर कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या. एका बाईच्या तोंडून आनंदाचा हुंकार निघाला. सगुणाबाईनं हात वर केला.

"का झालं?" सासूनं विचारलं.

"काई नाई झालं," सगुणाबाई म्हणाली. "पाणी काढून रायले. पंप लहान हायेत. मोठे पंप दूरून येऊन रायले म्हंते. साहेब म्हंते, पाणी उतरल्याबिगर खाली जाता येत नाई. खाणीच्या तोंडावर बाया बसल्या हायेत. भाकरी घेऊन बसल्या हायेत. आमीबी बसलो. मंग पोलिसानं उठवलं."

"मंग हिचा मालक?"

"पाणी उतरल्याबिगर कळत नाई."

मेला म्हणावं तर कोणी पाहिलं नाही. जिवंत म्हणावं तर इतके दिवस पाण्याखाली कोण राहतं? कौसल्याची सासू म्हणाली कुंकू पूस, आई म्हणाली राहू दे. ती बिचारी सकाळी कुंकू लावायची आणि दुपारी पदरानं पुसायची, दुसऱ्या दिवशी परत लावायची. तिच्याकडे बघवत नसे.

सगुणाबाईला आम्ही पेपर दिला. तिनं घेतला, उभ्या उभ्या वाचू लागली. पाकिस्तानचं, धानाच्या भावाचं, कुठल्या तरी मंत्र्याच्या भाषणाचं. प्रत्येक बातमी जिथे संपली तिथे थांबली. बाया वाट बघायच्या. ती म्हणायची, "इथवरच हाये." मग पुढची. असं तिनं काही दिवस केलं. आवाज तोच, चाल तीच, पण ऐकवेना. नुसती ठेच लागल्यासारखं व्हायचं. शेवटी एक बाईच म्हणाली, "थोडं पुढचं सांग ना वं, मनानं सांगतलं तरी चालते. आमाले ठाऊक आहे आता." ती त्या बाईच्या अंगावर धावून गेली. "तुले ठाऊक आहे! तिले होतं का ठाऊक?" कौसल्या कोपऱ्यात बिडी बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

त्यानंतर सगुणाबाई वाचायला आली नाही. बिड्या बांधायलाही आली नाही. भावाच्या घरी असते म्हणायचे, कोणी म्हणायचं सालेकशाला गेली. पेपर मी वाचू लागले. मला काही जमलं नाही. मी बसून वाचायचे, छापलं तेवढं वाचायचे. बायांची भांडणं परत सुरू झाली.

पुढे नवऱ्याला बालाघाटला काम मिळालं आणि आम्ही गोंदिया सोडलं. निघालो त्या दिवशी मी छोट्या लाइनीच्या फलाटावर ट्रंकेवर बसले होते. समोरून गाडी आली, माणसं उतरू लागली. आणि डब्याच्या दाराशी ती दिसली. उंच, वाळकी, पदर कमरेला खोचलेला. उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या वाटेत उभी राहायची आणि विचारायची. हमाल तिला ओळखत होते, वाट काढून पुढे जायचे. म्हणजे ती रोजच येत असणार.  हाक मारावीशी वाटली, पण ती घाईत होती.

एक धोतर नेसलेला गृहस्थ उतरला. हातात पेटी, पाठीमागे बायको, दोन पोरं. ती त्याच्यासमोर.

"तिकडून आले का जी? खाणीकडून? पाणी उतरलं का खाणीतलं?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. माणूस भला असावा. तिचा चेहरा बघून त्याला दया आली असणार, घाईही होती. तो म्हणाला, "हां बाई, उतर गया. सब निकल आए."

मी ट्रंकेवरून उठून उभी राहिले. सगुणाबाई हलली नाही. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुमी पायलं?"

"सुना है, बाई. सब बता रहे थे."

"पायलं नाई ना?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. ती बाजूला झाली, त्याला वाट दिली, आणि पुढच्या डब्याकडे निघून गेली.